‘टाइम-आउट’: अर्धं नाव, पूर्ण वाद

न मारता शिस्त लावायची म्हटलं की टाइम-आउटचा, म्हणजे मुलाला थोडा वेळ बाजूला एकटं बसवण्याचा, विषय निघतो आणि वाद सुरू होतो. वादाचं निम्मं मूळ नावातच आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या प्राणी-प्रयोगांत त्याचं पूर्ण नाव ‘धन प्रबलनापासून टाइम-आउट’ होतं. कळ दाबली की खाऊ मिळतो, हे धन प्रबलन, म्हणजे बक्षीस; ती सोय थोडा वेळ बंद ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. घराघरांत पोचेपर्यंत ‘प्रबलनापासून’ गळून पडलं आणि खुर्ची तेवढी उरली.

मुलांवरचा सर्वाधिक उद्धृत होणारा सुरुवातीचा प्रयोग १९६४ साली प्रसिद्ध झाला. साडेतीन वर्षांचा स्वमग्न मुलगा चष्मा लावत नव्हता, थयथयाट करी. थयथयाट सुरू झाला की त्याला खोलीत ठेवत आणि तो थांबला की दार उघडत. त्याच वेळी चष्मा हाताळल्याबद्दल बक्षीसही मिळे. हा दुसरा भाग पुढे सोयीस्करपणे विसरला गेला.

मराठी घरांत घोळ आणखी वाढला, कारण आपल्याकडे ‘कोपऱ्यात उभं राहा’ आधीपासून होतंच. दोन्हींत फरक मोठा आहे. कोपऱ्यात सगळे बघतात, म्हणजे मुलाला लाजही वाटते आणि लक्षही मिळतं. टाइम-आउटमध्ये दोन्ही नको असतात. रीत साधी आहे: वय साधारण २ ते ८, नियम आधीच सांगितलेला, एकच ताकीद, मग पाचेक सेकंद थांबणं. ऐकलं नाही तर एका वाक्यात कारण सांगून कंटाळवाण्या, पण सुरक्षित जागी बसवायचं. वेळ वयाच्या प्रत्येक वर्षामागे १ मिनिट धरतात, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला ४ मिनिटं. मध्ये बोलणं, समजावणं, डोळे वटारणं बंद. इथेच बहुतेकांचं फसतं, कारण भाषण हेही लक्षच. पहिले काही दिवस आरडाओरडा उलट वाढतो आणि घाबरून पालक त्याच वेळी सोडून देतात. मूल भुकेलं, पेंगुळलेलं किंवा भ्यालेलं असेल तर हा उपाय वापरायचाच नाही. एरवी घरात खेळ, कौतुक, जवळीक नसेल तर थांबवायला काही उरतच नाही.

१९९०च्या दशकात ‘भावना-प्रशिक्षण’ आलं: भावना ओळखायची, ऐकून घ्यायची, तिला नाव द्यायचं, मर्यादा सांगायची, मग मार्ग शोधायचा. ‘राग आला ना? राग चालेल, चावणं नाही.’ हे करायचं ते मूल शांत झाल्यावर, किंचाळताना नव्हे. २०१४ साली एका अमेरिकी साप्ताहिकाच्या लेखाने टाइम-आउट मुलांना इजा करतो असं मांडलं. लेखकांनी नंतर खुलासा केला की आपला रोख चुकीच्या वापरावर होता. मथळा मात्र खुलाशापेक्षा दूर पोचला आणि ‘टाइम-इन’ची, म्हणजे मुलाला एकटं न बसवता जवळ घेऊन बसण्याची, लाट आली. ‘टाइम-इन’ हा शब्दही उसना, कारण जुन्या लिखाणात तो टाइम-आउटबाहेरच्या नेहमीच्या चांगल्या वेळेसाठी होता. २०१८ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मारण्याबरोबर ओरडणं आणि लाजवणंही नको असं सांगितलं.

मारण्यावर कायद्याने बंदी घालणारा पहिला देश स्वीडन, १९७९. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, १ एप्रिल २०१०पासून. २०१२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत बाकावर उभं करणं आणि कोंबडा करणंही शारीरिक शिक्षेतच मोजलं आहे. घर मात्र या कलमाबाहेर राहिलं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ८९ आता भारतीय न्याय संहितेत कलम २७ आहे.