नाटकात पक्के कैदीच का? तुरुंगातील रंगभूमीची पार्श्वभूमी

भारतीय तुरुंगांतील नाटकांच्या बातम्या गेल्या पंचवीसेक वर्षांत अधूनमधून येत राहिल्या आहेत. कोलकात्याच्या कैद्यांनी रवींद्रनाथांचे गीतिनाट्य शहरातल्या मोठ्या सभागृहात केले, म्हैसूरच्या कैद्यांनी ‘मॅकबेथ’ कन्नडमध्ये उभा केला. या नाटकांतले बहुतेक नट शिक्षा लागलेले, म्हणजे तुरुंगाच्या बोलीत पक्के कैदी. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. शंभरातले पंचाहत्तर-शहात्तर. तुरुंगातली रंगभूमी ज्यांच्या नावाने चालते त्यांतले तीन चतुर्थांश लोक तिच्या बाहेर राहतात. यामागे सुरक्षेची आणि सोयीची कारणे आहेतच, पण कोणत्या प्रकारचे नाटक तुरुंगाला चालते, पश्चात्तापाचे की तक्रारीचे, याचाही त्यात मोठा वाटा आहे.

तक्रार मांडणारे नाटक आपल्याकडे जुने आहे. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, लाल बावटा कलापथक ही साखळी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. सरकारला या प्रकाराची धास्ती किती होती तेही ठाऊक आहे. १८७६चा नाट्यप्रयोग कायदा त्यासाठीच आला, त्याच्याच आधारे १९१० मध्ये ‘कीचकवध’वर बंदी आली, आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. तो रद्द झाला २०१८च्या सुरुवातीला.

त्या मानाने तुरुंगाच्या आतली सांस्कृतिक परंपरा वेगळ्या लोकांची होती. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, हे सर्वपरिचित आहे. सत्याग्रही कैद्यांनी तुरुंगात वर्ग चालवले, हस्तलिखिते काढली. पण हे राजकीय कैद्यांचे जग होते. अ, ब, क अशी कैद्यांची वर्गवारी आल्यावर वरच्या वर्गाला पुस्तके, कागद आणि मोकळा वेळ मिळाला. चोरी-दरोड्यात आत आलेला क वर्गाचा कैदी त्यांच्यासाठी पाणी भरत होता. ‘तुरुंगातील साहित्य’ म्हणून आपण जे कौतुकाने वाचतो त्यात त्याचा आवाज फारसा सापडत नाही. स्वातंत्र्यानंतरही अधिकारांच्या पहिल्या लढाया स्थानबद्धांच्याच, म्हणजे खटल्याविना डांबलेल्यांच्याच, नावावर आहेत. मुंबईच्या तुरुंगातल्या एका स्थानबद्धाने अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले, सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिले नाही, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ते पाठवायला लावले. स्थानबद्धतेच्या अटींत लिहिलेले नाही असे बंधन तुरुंगाने घालायचे नाही, हा त्याचा मथितार्थ. सामान्य कैद्याच्या कलेपर्यंत हे तत्त्व यायला बराच काळ गेला.

जगात तुरुंगातल्या नाटकाची कहाणी बहुधा १९ नोव्हेंबर १९५७ पासून सांगतात. त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात बाहेरून आलेल्या एका नाटकमंडळीने सुमारे १,४०० कैद्यांसमोर बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ केले. नाटकात स्त्रीपात्र नाही, हे ते निवडण्यामागचे एक व्यवहारी कारण होते. नुसती वाट पाहणाऱ्या दोन माणसांचे हे नाटक बाहेरच्या सुशिक्षित प्रेक्षकांना दुर्बोध वाटत होते, कैद्यांना ते लगेच कळले. जन्मठेपेच्या एका कैद्याला पळून जाईल या भीतीने प्रयोगाला बसू दिले नव्हते. त्याने ते कोठडीत ध्वनिक्षेपकावर ऐकले, पुढे त्याच तुरुंगात नाटकाचा गट उभा केला आणि सुटल्यावर खुद्द बेकेटबरोबर काम केले. भीती अगदीच निराधार नव्हती म्हणा. १९८६ मध्ये स्वीडनमध्ये हेच नाटक घेऊन कैदी बाहेर दौऱ्यावर निघाले आणि प्रयोगाच्या आधी पाचांपैकी चौघे पसार झाले. बेकेट ते ऐकून हसला म्हणतात. त्याच्या नाटकातली माणसे ‘चला, निघू या’ म्हणतात आणि जागची हलत नाहीत.

दुसरा धागा ब्राझीलचा. १९७१ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने एका दिग्दर्शकाला उचलले, त्याचा छळ केला आणि काही महिने तुरुंगात ठेवले. निर्वासित असताना त्याने जी पद्धत मांडली ती पुढे ‘शोषितांची रंगभूमी’ म्हणून जगभर गेली. अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवायचा, तो अडतो तिथे थांबवायचा आणि प्रेक्षकाने उठून पात्राच्या जागी जाऊन वेगळे काही करून पाहायचे, असे तिचे साधे रूप. पश्चिम बंगालच्या खेड्यांत १९८५ पासून एका संस्थेने ती शेतमजूर आणि स्त्रियांमध्ये रुजवली. तुरुंगात आणल्यावर मात्र ती अवघड होते. प्रसंगात कैद्यावर अन्याय करणारा कोण, असे विचारले की उत्तर बहुतेक वेळा दारातच उभे असते, गणवेशात. ब्राझीलच्या तुरुंगांत म्हणून पहारेकऱ्यांनाही खेळात घेतले गेले. आपल्याकडच्या कारागृहांत संहिता आधी अधीक्षकांच्या टेबलावर जाते, त्यामुळे तो प्रसंग लिहिलाच जात नाही.

तरीही भारतात तक्रारीच्या नाटकाचा तुरुंगाशी सगळ्यात थेट संबंध आला तो तुरुंगाबाहेर, अहमदाबादच्या छारानगरमध्ये. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कुटुंबेच्या कुटुंबे वसाहतींत डांबली जात. छारानगर ही अशीच एक वसाहत. सोलापूरच्या सेटलमेंटची, म्हणजे तिथल्या अशाच वसाहतीची, आठवण असलेल्यांना यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण पोलिसांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. शिवाय सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात सबर जमातीचा एक तरुण कोठडीत मेला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला छारानगरच्या तरुणांनी त्याच्यावरचे नाटक केले. त्यात पोलीस आहेत, मार आहे, आणि ‘आम्हीही माणसेच नाही का’ हा प्रश्न आहे. ज्याच्यावर ते आहे तो माणूस कधीच पक्का कैदी झाला नाही, शिक्षेपर्यंत पोचण्याआधीच गेला.

जवळपास याच सुमारास कर्नाटकात आणि मग बंगालमध्ये कारागृहांच्या आत नाटक सुरू झाले. बंगालने १९९२च्या कायद्याने तुरुंगाला ‘सुधारगृह’ म्हणायचे ठरवले होते, त्यामुळे कार्यक्रमाला कागदोपत्री जागा तयार होती. म्हैसूरमध्ये व्यावसायिक रंगभूमीवरच्या एका नटाने कैद्यांबरोबर वर्षानुवर्षे काम केले आणि त्यांचे प्रयोग बाहेरही नेले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी सुधारगृहात एका नृत्यांगनेने रवींद्रनाथांचे ‘वाल्मीकि प्रतिभा’ बसवले. दरोडेखोर वाल्मीकीचा कवी होतो त्याची ही कथा, १८८१ची. प्रयोग गाजले, वाल्मीकी झालेला कैदी सुटल्यावर चित्रपटात आला. कैद्यांना बंदोबस्तात बाहेर न्यायला तेव्हा अनेकांचा विरोध होता. ती जोखीम घेणाऱ्या अधिकाऱ्यांना श्रेय द्यायलाच हवे.

या सगळ्या उपक्रमांत एक निर्णय फारशा चर्चेविना घेतला गेला: नाटकात पक्के कैदी घ्यायचे. त्यामागची कारणे खोटी नाहीत. १८९४च्या तुरुंग कायद्याचे कलम २७ सांगते की शिक्षा न झालेल्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवावे. दोन्ही गट एका तालमीत आणायचे तर त्यालाच हात घालावा लागतो. कच्चा कैदी कधी जामिनावर जाईल, कधी दुसऱ्या कारागृहात हलवला जाईल सांगता येत नाही. दोन महिने तालीम करून मुख्य पात्र प्रयोगाच्या आदल्या दिवशी सुटले तर दिग्दर्शकाने आनंद मानायचा की डोक्याला हात लावायचा? एकाच खटल्यातले सहआरोपी किंवा एकमेकांविरुद्धच्या टोळ्यांतली माणसे एका खोलीत येण्याचा धोका असतो. छायाचित्र छापून आले तर ओळख परेडला अर्थ उरत नाही. आणि आरोपीच्या वकिलाला विचाराल तर तो हात जोडून सांगेल, माझ्या अशिलाला रंगमंचावर स्वतःची गोष्ट सांगायला लावू नका.

पण ही कारणे आज पूर्वीइतकी वजनदार राहिलेली नाहीत. कलम २७ मुळात कच्च्या कैद्याच्या रक्षणासाठी आहे, त्याला सराइतांची संगत लागू नये म्हणून. त्याचा वापर त्याला ग्रंथालय, कार्यशाळा आणि तालमीपासून दूर ठेवायला होतो, तेव्हा कायद्याने निरपराध मानलेला माणूस अपराध्यापेक्षा रिकामा बसतो. त्याला सक्तीची मजुरीही नाही, म्हणजे दिवसभर बराकीत काय करायचे हा प्रश्न त्यालाच जास्त आहे. ‘तो आज आहे, उद्या नाही’ हा युक्तिवादही सगळ्यांना लागू पडत नाही. पाच वर्षांहून अधिक काळ कच्चे कैदी म्हणून काढलेले लोक २०२२च्या अखेरीस देशात दहा हजारांवर होते, म्हैसूर-कोलकात्यातली नाटके यापेक्षा कमी वेळात बसली. तारखाही आता बऱ्याचदा व्हिडिओ कॉन्फरन्सवर होतात, त्यामुळे गार्द घेऊन न्यायालयात जाण्याचा दिवससुद्धा राहिलेला नाही.

पक्क्या कैद्याच्या सहभागातही एक गाठ आहे. त्याची वागणूक नोंदली जाते. माफीचे दिवस, संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल), खुल्या कारागृहासाठीची निवड या सगळ्यात अधीक्षकांचा शेरा लागतो. नाटकात काम करणारा शहाणा कैदी हे जाणून असतो. त्याने ‘स्वखुशीने’ भाग घेतला असे अहवालात लिहिले जाते तेव्हा त्या खुशीत किती हिशेब आहे हे कुणी मोजत नाही. नाटकामुळे कैदी सुधारले, परत आत आले नाहीत, अशी आकडेवारी परदेशात दाखवतात तिच्याकडेही जरा सावधपणे पाहावे, कारण तालमीला मुळात चांगल्या वागणुकीचेच कैदी निवडलेले असतात. कच्च्या कैद्याला अधीक्षकाकडून फार काही मिळण्यासारखे नसते. त्याचा जामीन न्यायालयाच्या हातात. तो तालमीला आला तर नाटकासाठीच आला, असे मानायला हरकत नाही.

आणि मग वाल्मीकी. तुरुंगांनी आत घेतलेल्या कथांमध्ये वाल्याचा वाल्मीकी होण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा येते, आपल्याकडे कारागृहांत होणाऱ्या भजन-अभंगांच्या स्पर्धांचा सूरही तोच असतो. पापाचे वाटेकरी कुणी नाही, हे कैद्याच्या तोंडून ऐकायला प्रेक्षकांना बरे वाटते. या नाटकांनी नटांना काही दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. टाळ्या, घरच्यांची पहिल्या रांगेतली भेट, नंबराऐवजी नावाने हाक, हे तुरुंगात थोडके नसते. मात्र पश्चात्तापाच्या नाटकाला गुन्हा कबूल असलेले पात्र लागते. कच्च्या कैद्याने वाल्या व्हायचे तर न्यायाधीशाच्या आधी त्यानेच स्वतःला दोषी ठरवावे लागेल. त्याच्याजवळ असलेली गोष्ट वेगळीच असते: जामीनदार मिळाला नाही, वकील तारखेला आला नाही, पोलिसांनी आधी नाव लिहिले आणि मग गुन्हा. हे तक्रारीचे नाटक आहे, आणि तक्रारीचे नाटक आत न्यायची परवानगी आपल्या व्यवस्थेने क्वचितच दिली. कच्चा कैदी वगळला गेला त्यात सोयीइतकाच याचा हात आहे, असे माझे मत.

तक्रारीचे नाटक आत नेणे अशक्य नाही याचा दाखला लेबनॉनमध्ये आहे. २००९ मध्ये बैरूतजवळच्या रूमियेह तुरुंगात कैद्यांनी एका अमेरिकी न्यायालयीन नाटकाचे अरबी रूप केले आणि त्यात स्वतःच्या मागण्या गुंफल्या. प्रेक्षकांत मंत्री आणि न्यायाधीश होते. चांगल्या वर्तणुकीबद्दल लवकर सुटका देणारा २००२चा कायदा तोवर कागदावरच होता, त्याची अंमलबजावणी त्याच वर्षी सुरू झाली. अर्थात त्याचाही लाभ शिक्षा झालेल्यांनाच.

आपल्याकडे पुण्यात महापालिकेच्या सफाई कामगारांनी २०१२ मध्ये ‘सत्यशोधक’ हे महात्मा फुल्यांवरचे नाटक केले, तेव्हा त्यांच्या मागे त्यांची संघटना होती. कैद्याला संघटना करता येत नाही, त्याच्या वतीने न्यायालयात जावे लागते ते दुसऱ्याला. ३ ऑक्टोबर २०२४च्या निकालापर्यंतची वाट अशीच आहे. एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे त्या नियमांत जातीवरून ठरलेले होते. विमुक्त जमातींना ‘सराईत’ धरणारे उल्लेखही न्यायालयाने काढायला लावले, आणि कच्च्या-पक्क्या दोन्ही कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना खोडायला सांगितला. छारानगरच्या नाटकाने निकालाच्या सव्वीस वर्षे आधी जे बोट दाखवले होते, ते निदान नियमावलीत तरी पोचले.

त्या आधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, केंद्राने राज्यांसाठी कारागृहे व सुधारसेवांचा आदर्श कायदा तयार केला. १८९४च्या कायद्याची जागा घ्यावी म्हणून तो आहे. कैद्यांची वर्गवारी आणि वेगळे ठेवणे त्यातही आहे, त्यामुळे दोन्ही गटांच्या एकत्र तालमीचा प्रश्न तिथल्या तिथेच राहतो. कच्च्या कैद्यांबरोबर काम करू पाहणाऱ्यांनी त्यावर व्यवहारातून वाट काढावी लागते. एकाच बराकीत, एकाच बैठकीत संपणारा खेळ घ्यायचा. कुणाच्याही खटल्यातला तपशील वापरायचा नाही, गोष्ट सगळ्यांनी मिळून रचायची. छायाचित्र काढायचे नाही. आणि प्रत्येक भूमिका दोघांना पाठ करायला द्यायची, कारण एकाचा जामीन कधीही होऊ शकतो.