एकवीस दिवसांत 'नवे तुम्ही'? नाही हो

जळगाव-धुळ्याकडे योगवर्ग लावताना कुणीतरी सांगतंच, '२१ दिवस कर, माणूस बदलून जातो.' बाविसाव्या दिवशीही राग तोच, पाठ तशीच आखडलेली. मग 'आपल्याच्यानं होत नाही' म्हणून चटई माळ्यावर.

हा आकडा योगातला नाहीच. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळालं. २००९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास मांडला: सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. (आणि त्या सवयी फळ खाण्या-चालण्याच्या, स्वभावाच्या नव्हेत!)

पतंजलींनी दिवस मोजलेच नाहीत. दीर्घकाळ, खंड न पाडता, आदरानं केलेला अभ्यास (म्हणजे सराव) पक्का होतो, एवढंच त्यांच्या योगसूत्रात आहे. रावेरचा शेतकरी केळी लावून एकविसाव्या दिवशी घड मागतो का?

बदल आधी बारीकसारीक दिसतो. मे महिन्याची दुपार, वीज गेलेली, आणि पोरांवर खेकसण्याआधी एक श्वास लांबतो. पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकताना) गुडघे वाकले तर खुशाल वाकू द्यावेत.