उद्यानाचे आरक्षण बदलायची सूचना निघाली, तर हरकत कशी नोंदवायची?

पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींमध्ये, बारीक टायपात एक जाहीर सूचना छापून येते. मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक, आरक्षण क्रमांक एवढा, ‘उद्यान’ हे आरक्षण वगळून सदर क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करण्याचा फेरबदल प्रस्तावित असून नागरिकांनी हरकती व सूचना एक महिन्याच्या आत सादर कराव्यात. आमच्या भागातल्या एका जागेबद्दल अशी सूचना निघाली होती. ती आमच्या हाती पडली तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. कार्यालयात गेलो, अर्ज घेतला गेला, पण शेरा पडला ‘मुदतबाह्य’. तेव्हापासून हा विषय मी धरून ठेवला आहे. जे शिकायला आम्हाला फार उशीर झाला, ते इतरांना वेळेवर कळावे म्हणून इथे सगळे नीट लिहितो आहे.

आधी एक गोष्ट तपासा: ती जागा आरक्षण आहे की ओपन स्पेस?

लोक दोन्हींना बागच म्हणतात, पण कायद्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शहराच्या विकास योजनेत, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यात, नकाशावर हिरवा रंग भरून आणि क्रमांक देऊन जी जागा उद्यानासाठी राखलेली असते, ते आरक्षण. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याच्या कलम २२ खाली उद्याने, क्रीडांगणे, मोकळ्या जागा अशी आरक्षणे ठेवली जातात. यात बदल करायचा तर कलम ३७ ची प्रक्रिया करावी लागते.

ओपन स्पेस ही बिल्डरने किंवा जमीनमालकाने प्लॉट पाडताना मंजूर रेखांकनात सोडलेली मोकळी जागा असते. तिथे झोपाळे, घसरगुंडी असली तरी ते डीपीचे आरक्षण नसते आणि कलम ३७ ची सूचना तिच्यासाठी निघत नाही. तिथे लढाई मंजूर नकाशा बदलू न देण्याची असते. प्रकल्प रेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे) नोंदलेला असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार विकासकाला मंजूर आराखड्यात बदल करण्याआधी दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती घ्यावी लागते. हा धागा इथेच सोडतो. पुढचे सगळे आरक्षणाबद्दल आहे.

कुठली जागा काय आहे हे ओळखायला महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात किंवा आरक्षणात आहे याचा दाखला) आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्या. ठरलेले शुल्क भरून कोणालाही तो मिळतो. त्यासाठी जमिनीचा सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लागतो. गाव अजून डीपीत नसून प्रादेशिक योजनेत असेल तर फेरबदलाचे कलम वेगळे, कलम २०, आणि तिथे सगळा कारभार शासनाकडून चालतो.

कलम ३७ मध्ये नेमके काय होते

फेरबदलाचा प्रस्ताव दोन वाटांनी येतो. पालिका स्वतः ठराव करते, किंवा शासन तिला निर्देश देते. २०२२ पासून काही वर्षे राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत निवडून आलेली सभाच नव्हती. तेव्हा सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते आणि असे ठराव चर्चेविना व्हायचे. ठराव झाल्यावर शासन राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो, मग सुनावणी होते आणि सूचनेच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत प्रस्ताव शासनाच्या मंजुरीसाठी जातो. शासनाचा नगरविकास विभाग हा ‘संचालक, नगररचना’ या अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊन कलम ३७(२) खाली अंतिम अधिसूचना काढतो. तो प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर करू शकतो, बदलू शकतो, अटी घालू शकतो किंवा नामंजूरही करू शकतो.

कायद्याने या कलमाला एक मर्यादा घातली आहे : फेरबदलामुळे विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. म्हणूनच या कलमाला ‘किरकोळ फेरबदल’ म्हणतात. एखाद्या दाट वस्तीतले एकमेव उद्यान वगळणे किरकोळ कसे, हा प्रश्न तुमच्या हरकतीत असलाच पाहिजे.

शासन स्वतः थेट सूचना काढू शकते अशी कलम ३७(१एए) ची वाटही आहे. तेव्हा हरकत पालिकेकडे नव्हे, सूचनेत नाव दिलेल्या नगररचना खात्याच्या अधिकाऱ्याकडे, बहुधा विभागीय सहसंचालकाकडे द्यावी लागते. बरेच अर्ज इथेच वाया जातात. लोक सवयीने पालिकेच्या आवक विभागात अर्ज टाकतात आणि तो योग्य टेबलापर्यंत पोहोचेपर्यंत महिना संपलेला असतो.

मुदतही नीट मोजा. राजपत्रातली आणि पेपरातली तारीख एक असेलच असे नाही. सूचनेत ‘कोणत्या दिनांकापासून’ लिहिले आहे ते वाचा आणि दोन्हींपैकी आधीच्या तारखेपासून मोजून अर्ज द्या.

हरकत कोण घेऊ शकतो

कायद्याचे शब्द आहेत ‘कोणतीही व्यक्ती’. त्या जागेचा मालक असण्याची, शेजारी राहण्याची, घर स्वतःच्या नावावर असण्याची किंवा त्या प्रभागाच्या मतदारयादीत नाव असण्याची अट नाही. भाड्याने राहणारे कुटुंब, रोज तिथे चालायला येणारे आजोबा, जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक, गृहनिर्माण सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांना हा अधिकार आहे. मालमत्ता कराची पावती जोडल्याशिवाय अर्ज घेणार नाही असे कोणी खिडकीवर सांगितले, तर शांतपणे सूचनेतला मजकूर दाखवा.

हे मी ठासून सांगतो, कारण भाडेकरू मागे सरतात. ‘आमचे काय, आम्ही उद्या दुसरीकडे जाऊ’ असे म्हणतात. पण उद्यानाची गरज सगळ्यात जास्त त्यांच्याच मुलांना असते, ज्यांच्या घराला गॅलरीसुद्धा नाही.

कागदपत्रे

सक्तीची अशी यादी कायद्यात नाही. पण मोकळ्या हाताने दिलेल्या अर्जाला वजन येत नाही. जाहीर सूचनेची झेरॉक्स, भाग नकाशा आणि ओळख व पत्त्याचा एक पुरावा, एवढे तरी जोडाच. सोसायटी किंवा संस्था हरकत घेत असेल तर सभेच्या ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्याला दिलेले अधिकार लागतात. नसता सुनावणीत ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय’ इथेच वेळ जातो.

त्यापुढचे कागद तुमच्या मेहनतीवर आहेत. जागेचे तारखेसह फोटो. आजूबाजूच्या अर्ध्या किलोमीटरमधली इतर उद्याने नकाशावर खुणा करून, आणि त्यांतली प्रत्यक्षात झालेली किती, नुसती कागदावर किती. परिसरातल्या इमारती आणि अंदाजे कुटुंबे. जवळच्या शाळांना स्वतःचे मैदान आहे का. हे काम चार जणांनी दोन रविवारी करण्यासारखे आहे आणि अधिकाऱ्यांसमोर तेच सगळ्यात जड पडते.

प्रस्तावामागची टिपणी, नगररचना विभागाचा अभिप्राय आणि ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच ठेवावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची असल्याने सूचना दिसली त्याच दिवशी हा अर्ज टाका. उत्तर मुदतीत आले नाही, तरी हरकतीत लिहून ठेवा की कागद मागितले आहेत, मिळाल्यावर पूरक निवेदन देण्याचा हक्क राखून ठेवतो.

अर्ज कसा लिहायचा

साधा, हाताने लिहिलेला चालतो. विषयात कलम, सूचनेचा क्रमांक आणि दिनांक, मौजे, सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक हे सगळे यायला हवे. आरक्षण क्रमांक चुकला तर हरकत दुसऱ्याच जागेच्या फाइलला लागते. मजकूर साधारण असा:

‘आपण दि. ___ रोजी प्रसिद्ध केलेल्या सूचनेतील आरक्षण क्रमांक ___, मौजे ___, सर्व्हे नंबर ___ येथील उद्यानाचे आरक्षण वगळण्याच्या प्रस्तावास माझी हरकत आहे. या परिसरात अर्ध्या किलोमीटरच्या आत विकसित झालेले दुसरे उद्यान नाही (नकाशा जोडला आहे). वगळलेल्या क्षेत्राच्या बदल्यात पर्यायी जागा प्रस्तावात दिलेली नाही. सदर फेरबदलाने विकास योजनेच्या स्वरूपात बदल होत असल्याने तो कलम ३७ च्या कक्षेत बसत नाही. सबब प्रस्ताव रद्द करावा. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी व सुनावणीचे पत्र खालील पत्त्यावर पाठवावे.’

शेवटचे वाक्य विसरू नका. सुनावणीची मागणी लेखी असली की ती नाकारणे अवघड जाते.

एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रती देण्यापेक्षा वेगवेगळ्या कारणांच्या पन्नास हरकती बऱ्या, असे माझे मत आहे. छापील गठ्ठा एकत्र बांधून एकच हरकत समजला जाण्याची भीती असते. पण संख्येलाही किंमत आहे, हे पुण्याने पाहिले. जुन्या हद्दीच्या प्रारूप विकास आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. पुढे २०१५ मध्ये शासनाने तो आराखडा महापालिकेकडून काढून त्रिसदस्यीय समितीकडे दिला आणि २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. मुंबईत २०१५ साली प्रारूप आराखड्यातल्या चुकांवर लोक इतके उठले की तो नव्याने करायला सांगावे लागले. ती पूर्ण आराखड्यांची प्रक्रिया होती, कलम ३७ ची नव्हे, पण लेखी हरकत बाजूला सारणे सोपे नसते हे त्यातून दिसते.

अर्जाच्या दोन प्रती करा. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन पोच घ्या. ई-मेलची सोय दिली असली तरी एक प्रत हातोहात द्या. लांब असाल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा.

सुनावणी

सुनावणीत प्रत्येकाला थोडीच मिनिटे मिळतात. तीत भाषण करू नका. नकाशा टेबलावर ठेवा, बोट ठेवून जागा दाखवा, दोन मुद्दे सांगा आणि तेच लेखी देऊन त्याचीही पोच घ्या. समोर जमीनमालकही असतो. त्याच्याशी वैर धरू नका. वीस-वीस वर्षे जमीन आरक्षणात अडकली, ना मोबदला मिळाला ना घर बांधता आले, अशी माणसे खरोखर आहेत. त्यांची मागणी रास्त आहे: मोबदला द्या, नाहीतर मोकळे करा. आपण म्हणायचे ते एवढेच, की मोबदला द्या, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्या, पण उद्यान ठेवा.

जिथे हरकतच मागवत नाहीत

कलम ३७ ची सूचना निदान छापून तरी येते. कलम १२७ मध्ये तेही होत नाही. अंतिम विकास योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत १२ महिने होती) संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. सामान्य नागरिकाला यात विचारले जात नाही. पालिकेने फक्त काही केले नाही, की उद्यान गेले.

म्हणून दरवर्षी एकदा माहिती अधिकारात विचारा: आपल्या प्रभागातल्या किती आरक्षणांवर कलम १२७ च्या सूचना आल्या आहेत, कोणत्या तारखेला, आणि संपादनासाठी काय केले. तारीख कळली की उरलेले महिने मोजता येतात. मग नगरसेवक, आयुक्त, अंदाजपत्रकात तरतूद, सगळीकडे त्या मुदतीत मागे लागता येते. आपल्या मालमत्ता करातून अंदाजपत्रकात उद्यानासाठी ठेवलेले पैसे वर्षाअखेरीस वर्गीकरण करून दुसऱ्या कामाकडे वळवले गेले का, हेही त्याच अर्जात नव्हे, वेगळ्या अर्जात विचारा. एका अर्जात एकच विषय.

तयार उद्यानात झाडे तोडून वाहनतळ किंवा सभागृह करायचे ठरले, तर वृक्षांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाची नोटीस झाडावर चिकटवलेली असते आणि तिथली हरकतीची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. तिचा फोटो काढून त्याच दिवशी अर्ज द्या.

मंजुरी मिळाल्यावर

३७(२) ची अधिसूचना निघाली की या कायद्यात नागरिकासाठी अपील नाही. उरते उच्च न्यायालयातली रिट याचिका. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात उद्यानासाठी राखलेली जागा रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द ठरवला होता. रुग्णालयासारखे उपयोगी काम असूनही. त्या खटल्यात गेलेले लोक त्या जागेचे मालक नव्हते, त्या वसाहतीत राहणारे होते, आणि न्यायालयाने त्यांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला. वकिलाकडे जाताना फाइलीत सगळ्यात वर तुमच्या हरकतीची शिक्का मारलेली पोच, मग सुनावणीचे पत्र, मग लेखी म्हणणे, मग ठराव आणि अधिसूचना, या क्रमाने कागद लावा.