‘लोखंडी घोड्या’मागचा इतिहास

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीत अबामे गावाची गोष्ट येते. सायकलवरून एकटाच आलेला गोरा माणूस गावकरी मारून टाकतात, कारण याच्यामागून आणखी येतील, असं देवाच्या कौलात निघालेलं असतं. त्याचा ‘लोखंडी घोडा’ पळून जाऊन साथीदारांना बोलावून आणेल, या भीतीनं ते तो पवित्र सावरीला बांधून ठेवतात. पुढे भर बाजाराच्या दिवशी गावाला वेढा पडतो आणि गोळीबारात गाव संपतं.

यामागे खरी घटना आहे. नोव्हेंबर १९०५ मध्ये आग्नेय नायजेरियातल्या अहियारा भागात डॉ. स्टुअर्ट हा ब्रिटिश डॉक्टर सायकलवरून जाताना मारला गेला. त्याचा सूड म्हणून इंग्रज फौजेनं तो मुलूख तुडवला. इंग्रज तिथवर पोचले ते आफ्रिकेच्या वाटणीतून: १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपनं आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले, तेव्हा तिथं एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता.

पण नुसत्या बंदुकांनी इग्बो समाज (आग्नेय नायजेरियातले हे लोक) मोडला नाही, आणि अचेबे हे लपवत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचे वडील स्वतः मिशनचे धर्मशिक्षक होते. जुळी मुलं अशुभ मानून रानात टाकावी लागणाऱ्या आया, देवाला वाहिलेले आणि म्हणून गावानं वाळीत टाकलेले ‘ओसू’ यांना चर्चनं जवळ केलं. भेग आधीपासूनच होती.

दुसरा घाव कारभाराचा. बहुतेक इग्बो गावांत राजा नव्हताच. निर्णय गावसभेत होत. इंग्रजांना मात्र हुकूम बजावायला एक माणूस हवा होता, म्हणून त्यांनी सनद देऊन ‘वॉरंट चीफ’ नेमले. ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ (१९६४) या अचेबे यांच्याच कादंबरीतला पुजारी एझेउलू ही सनद नाकारतो आणि कोठडीत जातो. तिथं अडकल्यामुळे दर नव्या चंद्राला एक असे खायचे त्याचे पवित्र याम (एक प्रकारचे कंद) खायचे राहतात. ते संपल्याशिवाय सुगीचा सण जाहीर करायला तो तयार नसतो. शेतात पीक कुजू लागतं, तेव्हा उपाशी लोक चर्चकडे वळतात.

१९२९ मध्ये बायकांवरही कर बसणार या धास्तीनं हजारो स्त्रिया याच वॉरंट चीफांवर चालून गेल्या. पन्नासहून अधिक जणी गोळीबारात मेल्या, आणि पुढे ती पद्धत सरकारला मोडावी लागली. ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ या कादंबरीचा काळ त्याच्या काही वर्षं आधीचा, म्हणून हा उठाव तिच्यात नाही. पण त्या कशावर चिडल्या होत्या, ते तिच्यात नेमकं सापडतं.