पराभवाचा अर्थ: ब्रिटनच्या मजूर पक्षाची १९८३पासूनची भांडणं

जुलै २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात ६५०पैकी ४११ जागा मिळाल्या. मतं पडली साधारण ९७ लाख. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, जेरेमी कॉर्बिन नेते असताना याच पक्षाला १ कोटी ३ लाखांच्या आसपास मतं पडली होती आणि जागा आल्या होत्या अवघ्या २०२. जागांच्या हिशेबात १९३५ नंतरचा तो सर्वांत वाईट पराभव. म्हणजे मतं घटली आणि जागा दुप्पट झाल्या.

पद्धत आपलीच आहे, खरं तर आपण ती तिथूनच उचलली. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो, बाकीची मतं वाया. त्यामुळे असं गणित भारतीय वाचकाला नवं नाही. पण ब्रिटनमध्ये या गणिताचा एक वेगळाच परिणाम दिसतो. निकाल एका रात्रीत लागतो, हरलेला पक्ष मात्र ‘आपण का हरलो’ यावर पुढची दहा-पंधरा वर्षं भांडतो. आकडे असे दुतोंडी असल्यामुळे प्रत्येक गटाला स्वतःला हवा तो पुरावा त्यांत सापडतो. स्टार्मर आणि कॉर्बिन यांच्या समर्थकांमध्ये आज चाललेल्या वादाचं मूळ १९८३च्या निवडणुकीत आहे.

विरोधी पक्षाला तिथे मान आहे, तो जुना आहे. ‘हिज मॅजेस्टीज अपोझिशन’ हा शब्दप्रयोग १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाऊस यांनी कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, पहिल्यांदा केला, तोही थट्टेने. सभागृह हसलं आणि शब्द चिकटला. १९३७ मध्ये कायदा होऊन विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वर्षाला २,००० पौंड पगार सुरू झाला. तो घेणारे पहिले नेते क्लेमंट ॲटली. हेच ॲटली १९४५ मध्ये चर्चिलना हरवून पंतप्रधान झाले आणि १९५१ मध्ये हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षापेक्षा जास्त मतं मिळवूनही हरले. मजूर पक्षाला ४८.८ टक्के मतं आणि २९५ जागा, हुजूर व मित्रपक्षांना ४८ टक्के आणि ३२१. इतकी मतं मिळूनही सत्ता गेली, तेव्हा चुकलं काय, की काही चुकलंच नाही? १९५९ मध्ये सलग तिसऱ्यांदा हरल्यावर ह्यू गेट्सकेल यांनी उत्तर काढलं की पक्षघटनेतलं चौथं कलम बदलावं. उत्पादनाच्या साधनांवर समाजाची मालकी हे ध्येय सांगणारा हा मजकूर सिडनी वेब यांनी १९१७ मध्ये लिहिला होता आणि तो सभासदांच्या कार्डावर छापलेला असे. गेट्सकेलना तो बदलता आला नाही. पक्षात देव्हाऱ्यातली मूर्ती हलवण्यासारखंच होतं ते.

आता १९७९. जिम कॅलहान यांचं सरकार २८ मार्चला अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर ३३९ जागा घेऊन आल्या. (संपांनी गाजलेल्या त्या आधीच्या हिवाळ्याच्या काळात लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते ना. ग. गोरे. पुण्याच्या समाजवाद्याला ब्रिटिश समाजवाद्यांची पडझड इतक्या जवळून पाहायला मिळावी, हा योगायोगच.)

पराभवानंतर पक्षात दोन तट पडले. डाव्यांचं म्हणणं, आपल्याच सरकारने जाहीरनामा गुंडाळून ठेवला, खासदार कार्यकर्त्यांना जुमानत नाहीत, म्हणून हरलो. टोनी बेन या तटाचा चेहरा. उजव्यांचं म्हणणं, कामगार संघटनांना आवर घालता आला नाही म्हणून हरलो. नोव्हेंबर १९८० मध्ये नेतेपदासाठी खासदारांनी मतदान केलं, त्यात मायकल फूट यांनी डेनिस हीली यांना १३९ विरुद्ध १२९ मतांनी हरवलं. फूट विद्वान, वक्ते, अण्वस्त्रविरोधी चळवळीतले जुने गडी. भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये झटणाऱ्या इंडिया लीगमुळे कृष्ण मेनन आणि नेहरूंच्या गोतावळ्यातले. भारतावरचं त्यांचं प्रेम खरं होतं, पण त्या प्रेमापोटी त्यांनी आणीबाणीतही इंदिरा गांधींची पाठराखण केली, हे आपल्याकडच्या समाजवाद्यांना बोचणारं होतं.

जानेवारी १९८१ मध्ये वेम्बलीच्या खास अधिवेशनात नेता निवडण्याची रीतच बदलली. आता ४० टक्के वजन संघटनांचं, ३० खासदारांचं, ३० मतदारसंघांतल्या शाखांचं. दुसऱ्याच दिवशी रॉय जेन्किन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स या मजूर पक्षातल्याच चौघांनी लंडनच्या लाइमहाऊस भागातल्या ओवेन यांच्या घरातून निवेदन काढलं आणि मार्चमध्ये वेगळा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापला. लिबरल पक्षाशी त्याची युती झाली. सप्टेंबरमध्ये उपनेतेपदासाठी हीली विरुद्ध बेन अशी लढत झाली. हीली जिंकले ते एक टक्क्याहूनही कमी फरकाने. देशात बेकारी वाढत होती, थॅचर यांची लोकप्रियता तळाला गेली होती, आणि मुख्य विरोधी पक्ष आपल्याच उपनेत्याची मतं मोजत बसला होता. मग १९८२ मध्ये अर्जेंटिनाशी फॉकलंडचं युद्ध झालं आणि थॅचर यांचे दिवस फिरले.

९ जून १९८३च्या निवडणुकीसाठी मजूर पक्षाने काढलेला जाहीरनामा म्हणजे डाव्यांच्या मागण्यांची यादीच होती. एकतर्फी अण्वस्त्रत्याग, युरोपीय समुदायातून बाहेर पडणं, लॉर्ड्स सभागृह बरखास्त करणं, उद्योगांचं पुन्हा राष्ट्रीयीकरण. जेराल्ड कॉफमन या पक्षाच्याच नेत्याने त्याला ‘इतिहासातली सर्वांत लांब आत्महत्येची चिठ्ठी’ म्हटलं. ते वाक्य जाहीरनाम्यापेक्षा जास्त टिकलं. निकाल असा: हुजूर ३९७ जागा, मजूर २०९. मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं होती, तर युतीला २५.४. पण युतीची मतं देशभर पातळ पसरलेली, म्हणून तिच्या वाट्याला २३च जागा आल्या. मजूर पक्ष दुसऱ्या क्रमांकावर टिकला तो खाणींच्या आणि कारखान्यांच्या भागांतल्या बालेकिल्ल्यांमुळे.

निकाल एवढा स्पष्ट असूनही अर्थ तीन निघाले. बेन ब्रिस्टलमध्ये स्वतः पडले होते. तरी त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की उघडपणे समाजवादी कार्यक्रम मांडणाऱ्या पक्षाला ८५ लाख लोकांनी मत दिलं, ही १९४५ नंतरची मोठी गोष्ट आहे. दुसऱ्यांनी बोट जाहीरनाम्याकडे दाखवलं. तिसऱ्यांनी युद्ध आणि फूट पाडून गेलेले चौघे यांच्यावर खापर फोडलं. मला तिघांच्याही म्हणण्यात तथ्य दिसतं. थॅचर यांची मतं १९७९पेक्षा थोडी कमीच झाली होती; जागा वाढल्या त्या विरोधी मतं फुटल्यामुळे. पण पक्षाच्या कारभारात कोणता अर्थ चालेल हे तर्काने ठरत नाही, पुढचा नेता ठरवतो. एक गंमत अशी की याच जाहीरनाम्यावर त्या दिवशी तीन तरुण पहिल्यांदा खासदार झाले: सेजफील्डमधून टोनी ब्लेअर, डनफर्मलिन ईस्टमधून गॉर्डन ब्राऊन आणि इस्लिंग्टन नॉर्थमधून जेरेमी कॉर्बिन.

फूट यांच्यानंतर आलेले नील किनॉक मूळचे डावेच, म्हणून डाव्यांना कान पिळायला तेच योग्य ठरले. १९८५च्या बोर्नमथ अधिवेशनात त्यांनी लिव्हरपूलच्या मिलिटंट या पक्षातल्याच कट्टर डाव्या गटावर तोफ डागली. मजूर पक्षाचीच नगरपालिका टॅक्स्या भाड्याने घेऊन शहरभर आपल्याच कामगारांना नोकरी गेल्याच्या नोटिसा वाटते, हे चित्र त्यांनी उभं केलं तेव्हा निम्मं सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि काही जण उठून चालले होते. पुढच्या वर्षी लाल बावट्याच्या जागी लाल गुलाब आला. १९८७ मध्ये पक्ष पुन्हा हरला, जागा २२९. मात्र त्या निकालात एडनमध्ये जन्मलेले, गोव्याच्या आई-वडिलांचे चिरंजीव कीथ वाझ लेस्टर ईस्टमधून निवडून आले. १९२९ मध्ये शापूरजी सकलातवाला पडले, त्यानंतर कॉमन्समध्ये बसलेले ते पहिले आशियाई वंशाचे खासदार.

एकतर्फी अण्वस्त्रत्याग १९८९ मध्ये गेला. तरी १९९२ मध्ये पक्ष हरलाच, आणि हा पराभव सर्वांत जिव्हारी लागला, कारण चाचण्या बरोबरीची लढत सांगत होत्या. जॉन मेजर यांच्या हुजूर पक्षाला १ कोटी ४१ लाख मतं पडली, ब्रिटनमध्ये कुठल्याही पक्षाला मिळालेली आजवरची सर्वाधिक. ब्लेअर-ब्राऊन जोडीने यातून धडा घेतला तो कराचा. पक्षाची अर्थकारणाची बाजू सांभाळणाऱ्या जॉन स्मिथ यांनी निवडणुकीआधी मांडलेल्या पर्यायी अर्थसंकल्पात वरच्या उत्पन्नगटाचा कर वाढत होता, आणि त्यावरच हुजूर पक्षाने रान उठवलं होतं. १९९५ मध्ये ब्लेअर यांनी चौथं कलम बदलून घेतलं, प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही असं वचन दिलं आणि १ मे १९९७ रोजी ४१८ जागा जिंकल्या.

‘कलम बदललं म्हणून जिंकलो’ ही गोष्ट तेव्हापासून पक्षात आरतीसारखी म्हटली जाते. पण सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड युरोपीय विनिमय व्यवस्थेतून (चलनांचे परस्परांतले दर ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या योजनेतून) फेकला गेला आणि अर्थकारण सांभाळण्याची हुजूर पक्षाची ख्याती त्या दिवशीच बुडाली. ब्लेअर येण्याआधी, किनॉक यांच्यानंतर स्मिथ नेते असतानाच मजूर पक्ष चाचण्यांत बराच पुढे गेला होता. शिवाय ब्लेअर यांची १ कोटी ३५ लाख मतं मेजर यांच्या १९९२च्या मतांपेक्षा कमीच.

हुजूर पक्षानेही विरोधात बसल्यावर तेच केलं. २००१ मध्ये विल्यम हेग युरो नको, ‘पौंड वाचवा’ म्हणत लढले आणि १६५च्या १६६ जागा झाल्या. त्यांच्यानंतरच्या इयन डंकन स्मिथना तर एकही सार्वत्रिक निवडणूक लढवण्याआधीच खासदारांनी खाली खेचलं.

२०१५ मध्ये मजूर पक्षाचं नेतेपद कॉर्बिन यांच्याकडे आलं आणि बेन यांचं १९८३चं वाक्य पुन्हा जिवंत झालं. २०१७ मध्ये पक्ष हरला खरा, पण ४० टक्के मतं, १ कोटी २९ लाख मतदार, ३० जागा जास्त, आणि थेरेसा मे यांचं बहुमत गेलं. समर्थकांनी याला अर्धा विजय मानलं. त्यात चूक नव्हती, पण त्यामुळे दोन वर्षं पक्षाने काही बदललं नाही. २०१९ मध्ये ब्रेक्झिटवर दोन्ही डगरींवर पाय ठेवताना उत्तरेकडचे खाणकामगारांचे मतदारसंघ निसटले. ब्लेअर यांचं सेजफील्डही हुजूर पक्षाकडे गेलं.

स्टार्मर २०२० मध्ये नेते झाले ते कॉर्बिन यांच्या कार्यक्रमातली बरीच वचनं पुढे नेण्याची ग्वाही देऊन. पुढे त्यांतली कित्येक बाजूला पडली आणि खुद्द कॉर्बिन संसदीय पक्षाबाहेर गेले. २०२४ मध्ये मजूर पक्षाची मतं ३३.७ टक्के, म्हणजे २०१७च्या कॉर्बिनपेक्षा सहा टक्क्यांनी कमी. पण या वेळी फुटली ती उजवीकडची मतं. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला ४१ लाख मतं आणि ५ जागा, हुजूर पक्ष १२१वर. नेमकी मतं लावणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट्सनी ३५ लाख मतांत ७२ जागा उचलल्या. ज्या निवडणुकीत हुजूर पक्षाची सगळीकडे धूळधाण झाली, तिथे त्यांनी मजूर पक्षाकडून एकच जागा हिसकावली: वाझ यांचं जुनं लेस्टर ईस्ट. वाझ तिथे ‘वन लेस्टर’ या छोट्या पक्षाकडून उभे होते.

इस्लिंग्टन नॉर्थमध्ये एक अपक्ष होता, मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध. १९८३च्या त्या तीन नवख्यांपैकी ब्लेअर २००७ मध्ये, तर ब्राऊन २०१५ मध्ये सभागृह सोडून गेले. कॉर्बिन सात हजारांहून जास्त मतांनी निवडून आले आणि पुन्हा विरोधी बाकांवर जाऊन बसले, या वेळी आपल्याच जुन्या पक्षाच्या सरकारसमोर.