उजनीसाठी बोटुकली वाढवायची आहे? संगोपन तलावाचा अर्ज असा करा

उजनी धरणात रोहू, कटला, मृगळ कमी आणि चिलापीच (तिलापिया) फार, हे काठावरच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा. हे तिन्ही मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात नाही. म्हणून धरणात बीज सोडावंच लागतं. पण अंड्यातून नुकतंच निघालेलं, जिऱ्याएवढं मत्स्यजिरे सोडलं की मोठे मासे ते गिळून टाकतात. टिकते ती बोटुकली, म्हणजे करंगळीएवढं वाढलेलं पिल्लू, आणि ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातच वाढवता येते.

त्यासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून संगोपन तलावाला, म्हणजे जिऱ्यापासून बोटुकली वाढवण्याच्या तलावाला, अनुदान आहे. हेक्टरी खर्च ७ लाख रुपये धरतात. सर्वसाधारण गटाला ४० टक्के म्हणजे २.८० लाख, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के म्हणजे ४.२० लाख. एका व्यक्तीला २ हेक्टरपर्यंत. मच्छीमार, शेतकरी, बचत गट, सहकारी संस्था सगळे पात्र आहेत. योजनेला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती, म्हणून आधी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या सोलापूर कार्यालयात यंदाचे अर्ज सुरू आहेत का, ते विचारा.

कागदपत्रं: सातबारा, आठ अ, आधार, बँक पासबुक, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि अंदाजपत्रकासह प्रकल्प अहवाल. जमीन भाड्याची असेल तर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत करार हवा. इथेच आपल्याकडचे बरेच जण अडकतात. धरणाचं पाणी ओसरल्यावर हंगामापुरती मिळणारी गाळपेर जमीन यात चालत नाही. ती दाखवून अर्ज करू नका.

माती-पाण्याची तपासणी करून घ्या. काळी माती पाणी धरते, मुरमाड जमिनीत तलाव झिरपतो आणि अहवालातला सगळा हिशेब कोलमडतो.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो. मंजुरीआधी खोदकाम सुरू करू नका. कोऱ्या जमिनीचा, काम चालू असतानाचा आणि पूर्ण झालेल्या तलावाचा अक्षांश-रेखांशासह फोटो काढून ठेवा. अनुदान काम तपासल्यावरच मिळतं, तोवर पैसा स्वतःचा किंवा कर्जाचा घालावा लागतो. त्याची सोय आधीच करून ठेवा.

बीज आलं की ऑक्सिजन भरलेली पिशवी लगेच फोडू नका. पंधरा-वीस मिनिटं तशीच तलावावर तरंगू द्या, आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं झालं की तोंड सोडा, पिल्लं आपणहून बाहेर पडतात. थायलंड मांगूरचं बीज मात्र कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे.