सुटल्यानंतरचं भय: पंथातून वाचलेल्यांच्या भयकथांची पार्श्वभूमी

१८ नोव्हेंबर १९७८ च्या संध्याकाळी दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलातल्या जोन्सटाउनमध्ये हायसिंथ थ्रॅश ही म्हातारी बाई आपल्या खोलीत झोपून राहिली. सकाळी उठून बाहेर आली, तर जिकडेतिकडे प्रेतं. तिची सख्खी बहीणही त्यांतच होती. जिम जोन्स या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या ‘पीपल्स टेम्पल’ या पंथाच्या वस्तीत ९०९ माणसं मेली, बहुतेक विषाने, त्यांत तीनशेहून जास्त मुलं. पंथातून वाचलेल्यांच्या आजच्या भयकथा मला त्या सकाळपासून सुरू झालेल्या वाटतात.

त्याआधीच्या कथांत भय पंथाच्या आत असे. बाहेरचा कुणी चुकून तिथे पोचायचा, मग झगे, मंत्र, सुरा, बळी. जीव वाचवून पळाला की गोष्ट संपली.

जोन्सटाउनने हा शेवटच काढून घेतला. तिथे जोन्सचा आवाज लाउडस्पीकरवरून रात्रंदिवस ऐकू यायचा. ‘व्हाइट नाइट’ नावाखाली सामूहिक मरणाच्या रंगीत तालमी व्हायच्या. लोकांना पेय पाजायचं, यात विष आहे म्हणायचं आणि मग सांगायचं की ही परीक्षा होती. अखेरच्या संध्याकाळची सुमारे ४४ मिनिटांची टेप उपलब्ध आहे. तीत मुलांचं रडणं ऐकू येतं आणि त्यावरून समजुतीच्या सुरात बोलणारा जोन्स. सैतानाचा मागमूसही नाही, आणि म्हणूनच ती मला कुठल्याही रचलेल्या भयकथेपेक्षा असह्य वाटते.

माणूस बाहेर पडला तरी पंथ त्याच्या आत का उरतो, याचं एक उत्तर आधीच लिहिलं गेलं होतं. चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून, म्हणजे सक्तीने विचार बदलायला लावण्याच्या मोहिमेतून गेलेल्यांशी बोलून मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९६१ मध्ये अशा गटांची जी लक्षणं मांडली, त्यांतलं एक भाषेचं होतं. गट आपले ठरीव शब्द देतो आणि अवघड प्रश्न त्या शब्दांपाशीच थांबतात. सुटलेला माणूस विचार करायला बसतो तो त्याच शब्दांत.

मध्ये एक वाईट वळण आलं. १९८० मध्ये ‘मिशेल रिमेंबर्स’ हे पुस्तक सैतानपूजकांच्या छळाची सत्यकथा म्हणून खपलं. त्यातल्या दाव्यांना आधार कधीच मिळाला नाही. पण अमेरिकेत त्यानंतर अशाच आरोपांची लाट उसळली आणि निरपराध माणसं तुरुंगात गेली. खऱ्या वाचलेल्यांच्या बोलण्यावरचा विश्वासही त्यात उडाला, आणि हे नुकसान फार कमी बोललं जातं. ‘माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?’ हा या कथांतला नेहमीचा प्रश्न त्या काळाची आठवण जागी करतो.

२०११ चा ‘मार्था मार्सी मे मार्लीन’ या चित्रपटात तर मार्था सुरुवातीलाच पंथातून पळते. बहिणीच्या सुरक्षित घरात मार्थाला काहीच सुरक्षित वाटत नाही. पंथाच्या म्होरक्याने तिचं नाव बदलून मार्सी मे केलेलं असतं. आणि तिथे फोन वाजला की कुठलीही बाई उचलो, नाव एकच सांगायचं: मार्लीन.